रबरी शिक्का आणि चित्रकला

कचेरींतील रबरी शिक्क्याचा चित्रकलेशीं काय संबंध, असें आपणांस वाटेल. परंतु १९१९ सालीं जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं कुर्ट श्विटर्स ह्या चित्रकारानें शिक्क्यांचे ठसे, पेन्सिलीच्या रेषा आणि चिकटविलेले कागदाचे कपटे ह्यांच्या मेळांतून चित्रें सिद्ध केलीं.

हा प्रयोग करावयाचा तर शाईचा स्वभाव प्रथम ओळखावा. पाण्यांत विरघळणारी शाई कागदांत मुरून लवकर वाळते; परंतु वरून जलरंगाचा हात फिरला कीं ती पसरते आणि श्रम वायां जातात. तिच्यासाठीं रंग आधीं भरून वाळूं द्यावा, ठसा मागाहून घ्यावा. न विरघळणाऱ्या रंगकणांची शाई सावकाश वाळते. पूर्ण वाळल्यावर मात्र ती सहसा पाण्यास दाद देत नाहीं. तरीहि प्रत्येक शाईची परीक्षा आधीं रद्दी कागदावर पाहावी, हें बरें.