गरज कोणाची, हौस कोणाची?

दसऱ्याच्या सायंकाळी आपट्याची पाने वाटताना घरोघर मुलांना कौत्साची कथा सांगण्यात येते. आम्ही ती पाठशाळेत ‘रघुवंशा’च्या पाचव्या सर्गात वाचली व पुढे वर्गात वर्षानुवर्षे सांगितली, परंतु तिचा एक अर्थ आम्हांस स्वयंपाकघरात कळला.

वरतंतु ऋषींना शिष्याची सेवा हीच दक्षिणा पुरेशी होती. कौत्साने हट्ट धरला तेव्हा त्यांनी रागावून चौदा विद्यांचे चौदा कोटी मागितले. (हट्टातून गरज कशी उत्पन्न होते, हेही येथे पाहण्यासारखे आहे!) विश्वजित् यज्ञात सर्वस्व देऊन बसलेल्या रघूने मातीच्या पात्रातून अर्घ्य दिले, तेव्हा कौत्स न मागताच परत निघाला. रघूने त्यास थांबविले, आकडा ऐकला, आणि ‘इतके कशाला?’ असे विचारले नाही. पुढे कुबेराकडून सुवर्णवृष्टी झाली व राजाने सारी रास पुढे केली; कौत्सास मात्र गुरूच्या देण्याहून अधिकाची इच्छा नव्हती.

आता आमची कथा. १९९१ साली घरात अकरा माणसे होती आणि वडिलांच्या पश्चात कपाटाची किल्ली आमच्या जानव्यास असे. दिवाळीपूर्वी कुटुंबाने विजेच्या मिक्सरची गोष्ट काढली. अकरा जणांचे वाटण ती पाट्यावर वाटीत असे. “अहो, उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही,” एवढेच ती म्हणाली. आम्ही तिला गरज व हौस यांतील भेद विस्ताराने समजावून दिला. आमच्या आईने जन्मभर पाटाच वापरला, हा दाखलाही दिला.

त्याच महिन्यात आम्ही आपटे यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशाची १९५७ ते १९५९ या काळात पुण्यास निघालेली तीन खंडांची आवृत्ती जुन्या पुस्तकांच्या दुकानातून आणली. लहान कोश घरी होताच, आणि प्राथमिक शाळेच्या वर्गास तोही लागत नव्हता. पण कोश ही गरज होती!

खंड फडताळात लावीत असता आई माजघरातून म्हणाली, “अरे, पाटा मी वापरला खरा, पण मला कोणी विचारले होते का?”

आम्हांस उत्तर सुचले नाही. अन्न, वस्त्र, निवारा ही गरज व बाकीची हौस, ही विभागणी फळ्यावर सोपी दिसते. घरात ती रेघ बहुधा किल्लीवाला ओढतो. ज्याचा खांदा दुखतो त्यास विचारीत नाही. रघूने माप कौत्सावर सोपविले होते. अकरा जणांनी आपापले माप ठरविल्यास महिन्याचा मेळ बसणे कठीण, हे आम्ही जाणतो. तथापि विचारावयास पैसे पडत नव्हते.

मिक्सर संक्रांतीस आला. खांदा मात्र पूर्ववत झाला नाही. त्या वर्षापासून हिशेबाची वही आम्ही पहिल्या तारखेस माजघरात, सर्वांसमोर उघडू लागलो. कोश अद्याप फडताळात आहे. त्याचा दुसरा खंड आम्ही किती वेळा काढला, हे कुटुंबाने आजवर विचारलेले नाही.