लाकडाची ओळख : भाग ९
जाड फळी सुकवताना

मागच्या भागात ओंडक्याच्या फळ्या कशा पाडतात ते पाहिलं. आता त्यातली एक घरी आली आहे असं समजू. फणसाची, तीन इंच जाड, दोन फूट रुंद, पिवळ्याधमक गाभ्याची. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगडच्या किनाऱ्यावर आंब्या-फणसाची जुनी झाडं आडवी झाली. तसल्याच एखाद्या झाडाची ही फळी डोळ्यांपुढे ठेवू. एवढं वय झालेलं लाकूड घाईमुळे वाया जाताना बघवत नाही, म्हणून हा भाग जरा सावकाश वाचावा.

ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं : पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतीत. पोकळीतलं पाणी आधी जातं. तोवर फळी हलकी होते, पण आकसत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली उतरला की भिंतींतलं पाणी निघू लागतं आणि आकसणं सुरू होतं. हे आकसणं सगळीकडे सारखं नसतं. वार्षिक वलयांच्या कडेने ते जितकं होतं, त्याच्या निम्म्याच्या आसपास गाभ्यापासून सालीकडे होतं. लांबीत जवळजवळ नाहीच. म्हणून बुंध्याची अख्खी गोल चकती बहुतेक वेळा तडकतेच, आणि ज्या फळीत झाडाचा मध्यबिंदू आला आहे तीही तिथेच फाटते.

पाण्याची वाट लांबीच्या दिशेने मोकळी असते. फळीच्या दोन टोकांतून ते रुंद बाजूंपेक्षा दहा ते पंधरा पट वेगाने बाहेर पडतं. टोक सुकून आकसू पाहतं, आतलं ओलं लाकूड त्याला आकसू देत नाही, आणि चीर पडते. पडलेली चीर पुन्हा मिटवता येत नाही. तेव्हा पहिला लेप कापल्या दिवशीच, आणि फक्त टोकांना. त्यासाठी मेणाचं तयार इमल्शन मिळतं. ते नसेल तर घरातला उरलेला ऑइल पेंट दोन-तीन जाड हातांनी लावावा. गावाकडे शेणमातीचा लेप देतात. तोही सुकण्याचा वेग कमी करतो, पण वाळला की भेगाळतो, पुन्हा पुन्हा लावावा लागतो. गाठी आणि फांदीचा बेचका असेल तर तिथेही हात फिरवावा.

रुंद बाजू मात्र उघड्याच ठेवायच्या. फळी चांगली टिकावी म्हणून ओल्या लाकडाला सगळीकडून व्हार्निश लावणारे खूप भेटतात. पाणी आत कोंडतं, बुरशी धरते, व्हार्निशला फोड येतात. इतक्या चांगल्या हेतूने एवढं नुकसान दुसऱ्या कशाने होत नसेल.

सालीबद्दल माझं मत स्पष्ट आहे : ती काढा. कितीही सुंदर दिसली तरी किडे तिच्याखालीच घर करतात. बाहेरच्या फिक्या लाकडाला बोरॅक्स आणि बोरिक अॅसिडचं द्रावण लावून घ्यावं. आंब्याच्या फळीला तर ते टाळूच नये.

मग रचणं. सावलीत, वर छप्पर, चारी बाजूंनी वारा. जमिनीपासून फूटभर उंच, सपाट बैठक. दीड-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, एकावर एक फळ्या असतील तर त्या पट्ट्याही एका रेषेत, आणि सगळ्यात वर वजन. प्लास्टिक गुंडाळू नये. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात गोणपाटाचा आडोसा करावा.

किती दिवस? इंचाला एक वर्ष, हा ठोकताळा पातळ फळीला चालतो. जाडी दुप्पट झाली की वेळ दुपटीहून बराच वाढतो, कधी तिप्पट-चौपट. शिवाय पावसाळ्यात कोकणात हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर जाते. तेव्हा लाकूड १८-२० टक्क्यांखाली उतरतच नाही. उलट विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ते सहा-सातपर्यंत जाऊ शकतं. श्रीवर्धनला ‘सुकलेली’ फळी नागपूरच्या दिवाणखान्यात आणखी आकसते. या फळीचं टेबल जिथे राहणार तिथे शेवटचे काही महिने ती ठेवणं सगळ्यात खात्रीचं.

सुकली की नाही, हे वजन सांगतं. दर महिन्याला काट्यावर ठेवून नोंद करावी. नेमका आकडा हवा असेल तर टोकापासून दूरचा छोटा तुकडा कापून तोलावा आणि १०३ अंश सेल्सिअसच्या भट्टीत वजन थांबेपर्यंत ठेवावा. ९०० ग्रॅमचा तुकडा ५०० वर थांबला, तर गेलेलं ४०० ग्रॅम पाणी भागिले ५००, म्हणजे ८० टक्के ओलावा. ओलावा मोजायचं आखूड टोच्यांचं मीटर जाड फळीचा फक्त वरचा थर वाचतं, त्याच्यावर विसंबू नये.

आता दुसरा लेप. रंधून, घासून झाल्यावर जवसाचं तेल किंवा पॉलियुरेथेन. पण वर-खाली, कडांना आणि टोकांना सारखाच. फक्त वरून लावलं तर खालची बाजू हवेतला ओलावा वेगळ्या गतीने घेते-सोडते आणि फळी वाकते. तेल लाकूड उठावदार करतं, दमट हवा मात्र फारशी अडवत नाही. पॉलियुरेथेन जास्त अडवतं, पूर्ण तेही नाही. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नका. ती आपोआप पेट घेतात. उघडी पसरून वाळवा.

लेप दिला तरी ऋतूंबरोबर रुंदी थोडी बदलतच राहणार. म्हणून टेबलाचे पाय जोडताना चौकटीत स्क्रूची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट ठेवावीत. त्या जोडणीचे प्रकार पुढच्या आठवड्यात.