रस फिरतो तोवर

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळात शिरलं की पाहुण्याची नजर आधी चुलवाणाकडं जाते. वाळली चिपाडं भसाभस गिळणारं ते तोंड. माझा पाय मात्र काहिलीपासून हलेना. आत हजारेक लिटर रस, खाली जाळ, आणि अजून कुणी फावडं घातलेलं नव्हतं. तरी रस चालत होता.

तो चालतोय हे कळतं मळीमुळं. रानभेंडीच्या काड्या ठेचून केलेलं बुळबुळीत पाणी गुळव्यानं रसात आधीच ओतलं होतं. त्यानं गाळ धरला जाऊन हिरवट-काळी साय वर येते. तिचा एक तुकडा मी नजरेनं धरून ठेवला. जिथं जाळाचा जोर, तिथून रस फुगून वर येत होता, मळीला ढकलत काठाकडं नेत होता आणि काठाशी जरा निवून परत तळाला जात होता. मळी हलकी, ती वरच अडकायची. गुळव्या, म्हणजे मामा, बरोबर तिथंच उभे.

“तिच्यामागं पळायचं न्हाई,” मामा म्हणाले. “ती येतीया आपल्याकडं.”

शाळेत याला अभिसरण म्हणत. चंचुपात्रातल्या पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा टाकायचा आणि जांभळी रेघ वर चढताना बघायची. तळचा द्रव तापून पसरतो, हलका होऊन वर येतो, त्याच्या जागी गार आणि जड द्रव उतरतो. दोन गुणांचा प्रश्न. द्रवच दाट झाला तर काय, हे कुणी विचारलं नाही. गुऱ्हाळातली खरी कसोटी तिथंच लागते.

उसाच्या रसात ऐंशी टक्क्यांच्या आसपास पाणीच. ते उडत जातं तसा रसाचा पाक होतो आणि त्याचं फिरणं जडावतं. आधीची खळखळ जाऊन नुसती फदफद उरते. जाळ खालून उष्णता देतच असतो, पण ती घेऊन वर निघायला तळचा पाक राजी नसतो. तो तिथंच बसला की करपला. गूळ काळा, भाव खाली. म्हणून आता लांब दांड्यांची फावडी आत गेली. तळ खरवडत, गोल, न थांबता.

“मगाशी सोता फिरत हुता,” मामा घाम पुसत म्हणाले, “आता आमाला फिरवतोय.”

पाक ११८ अंशांच्या आसपास पोचला की काहील उतरते. मामा थर्मामीटर वापरत नाहीत. गार पाण्यात थेंब टाकून त्याची गोळी बोटांनी दाबून बघतात.

दाट पदार्थाचा हा हट्ट शास्त्रज्ञ काउंट रमफर्डनं अठराव्या शतकाच्या अखेरीस टिपला होता. शिजवलेली सफरचंदं आणि दाट सूप इतका वेळ गरम का राहतात, या प्रश्नानं त्याला छळलं होतं. त्याचं तोंडही भाजलं होतं.

हे मला नंतर आठवलं. काहील उतरण्याआधी काढलेली काकवी वाटीत मिळाली होती, वरून अगदी निवलेली. मी बोट बुडवलं आणि तसंच पाण्याच्या बादलीकडं धावलो.