समाधीच्या आधीची बाग

शिर्डीत दर्शनबारीत ताटकळणाऱ्या भाविकाला, आपण ज्या समाधीकडे सरकतो आहोत तिथे कधी फुलांचे वाफे होते, हे सहसा ठाऊक नसते. समाधी मंदिराची इमारत म्हणजे नागपूरचे धनिक गोपाळराव बुटी यांनी बांधायला घेतलेला वाडा. तिथे मुरलीधराची स्थापना करायचा त्यांचा बेत होता. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला साईबाबांनी देह ठेवला आणि मुरलीधराच्या जागी बाबांची समाधी झाली. ही हकीकत बहुतेकांना माहीत असते. त्याआधीची गोष्ट मात्र साईसच्चरिताच्या पाचव्या अध्यायात आहे आणि ती माझ्या मते शिर्डीची सर्वांत साधी, म्हणून सर्वांत विश्वासार्ह वाटणारी गोष्ट आहे.

बाबा राहात्याला जात, तिथून झेंडू, जाई, जुई यांची रोपे आणत. जागा स्वतः साफ करून त्यांनी ती लावली. वामन तात्या नावाचे भक्त त्यांना रोज दोन कच्चे, न भाजलेले मातीचे घडे आणून देत. बाबा विहिरीचे पाणी त्या घड्यांत भरून खांद्यावरून वाहून नेत आणि रोपांना घालत. संध्याकाळी घडे कडुलिंबाच्या बुंध्याशी ठेवले की ते तिथेच विरघळून मोडत, आणि दुसऱ्या दिवशी तात्या नवे दोन घेऊन हजर. असे तीन वर्षे चालले. घड्याची माती झाडाच्या मुळाशीच जाई, हे लिहिणाऱ्याने मुद्दाम सांगितलेले नाही; शेतकऱ्याला ते सांगावे लागत नाही.

ही बाग विहिरीवर का राखावी लागली, तेही समजून घ्यावे. आज नगर-मनमाड रस्त्यावर ऊस आणि राहात्याच्या पेरूच्या बागा पाहणाऱ्याला हा मुलूख पाण्याचा वाटतो. पण ही हिरवाई गोदावरीच्या कालव्यांची, आणि त्या कालव्यांना पाणी पुरवणारे दारणा धरण पूर्ण झाले ते १९१६ च्या सुमारास, म्हणजे बाबांच्या अगदी अखेरच्या वर्षांत. त्याआधी पावसाने हात आखडता घेतला की इथे जुईची वेल जगवायची म्हणजे खांदा झिजवायचा.

मंदिर परिसरातली आजची बाग म्हणजे लेंडी. लेंडी नावाचा एक नाला इथून वाहत असे, त्यावरून हे नाव. बाबा रोज द्वारकामाईतून, म्हणजे आपल्या मशिदीतून, निघून इकडे येत. त्यांनी लावलेल्या कडुलिंब आणि पिंपळाच्या मध्ये नंदादीप आहे. बाबांचे सेवेकरी अब्दुलबाबा तो तेवत ठेवत आणि शेजारी पाण्याचे दोन घडे भरून ठेवत. बाबा ते पाणी चारी दिशांना शिंपडत. बाबांच्या श्यामसुंदर घोड्याची समाधीही याच बागेत आहे. आता हिरवळ आखीव आहे, पायवाट फरसबंद आहे. थकलेल्या माणसाला झाडाखाली टेकायला जागा मिळते, हे गर्दीच्या गावात थोडके नाही.

मला मात्र बागेइतकीच बागेकडे जाणारी वाट महत्त्वाची वाटते. नेवाशाचे बाळाजी पाटील नेवासकर बाबांच्या जाण्यायेण्याच्या वाटा, गल्ल्या आणि लेंडीचा रस्ता झाडून लख्ख ठेवत. त्यांच्यानंतर ते काम राधाकृष्णामाईंनी उचलले आणि त्यांच्यानंतर अब्दुलबाबांनी. एक पाटील, एक बाई, एक मुसलमान फकिराचा सेवेकरी: झाडू एकाच रस्त्यावर हातोहात पुढे गेला. चरित्रकार गोविंद रघुनाथ दाभोळकर, म्हणजे हेमाडपंत, हे सारे सेवा म्हणून सांगतात. आजच्या भाषेत त्याला लोकसहभाग म्हणतील आणि त्यावर फलक लावतील.

शहरी महाराष्ट्राला हे अगदी अनोळखी नाही. मुंबईत घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आपली गल्ली स्वतःच ताब्यात घेतली. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करून ओल्याचे खत केले आणि ते गल्लीतल्या झाडांना घातले. महापालिकेच्या परिसर व्यवस्थापन योजनेसाठी अशाच गल्ल्या नमुना ठरल्या. शिर्डीची अडचण वेगळी आहे. २०११ च्या जनगणनेत छत्तीस हजार वस्तीच्या या गावात रोज हजारोंनी परगावचे लोक येतात आणि कचरा मागे ठेवून जातात. रहिवाशाने स्वतःचा कचरा कितीही नीट वेगळा केला, तरी पाहुण्याचा उरतोच. त्यात सर्वांत ठळक दिसतो तो निर्माल्याचा.

फुलांचे हे प्रकरण गेल्या काही वर्षांत चांगलेच तापले. करोनाकाळात मंदिर बंद झाले आणि उघडल्यावरही हार-फुले नेण्यावर बंदी राहिली. परिसरातल्या फूलउत्पादकांनी आणि विक्रेत्यांनी आंदोलने केली, वाद उच्च न्यायालयात गेला आणि २०२४ च्या अखेरीस फुलांना पुन्हा परवानगी मिळाली. वादात दोन्ही बाजूंना थोडे खरे होते. शेतकऱ्याचे पोट हारावर होते. आणि दुसरीकडे भाविकाच्या गळ्यात मारला जाणारा महागडा हार अर्ध्या तासात कचरा होत होता, हेही खोटे नव्हते. मंदिरातल्या फुलांपासून महिला बचत गटांनी अगरबत्त्या केल्या, हा त्यातला चांगला भाग. पण अगरबत्तीला पाकळी लागते. देठ, पाने, कुजलेले हार उरतातच.

त्यांचे खत करणे अवघड नाही, पण कटकटीचे आहे. हाराचा दोरा, जरीची झालर, प्लॅस्टिकचे मणी आधी हातांनी काढावे लागतात. हे काम ज्याला करावे लागते त्याला फुलांची भक्ती फारशी उरत नाही. नुसते झेंडू रचले तर दोन दिवसांत लगदा होतो आणि वास सुटतो. म्हणून त्यात वाळलेला पाचोळा मिसळायचा, शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडायचे, ढीग खालीवर करत राहायचा. मुठीत दाबल्यावर ओलावा लागावा, पाणी गळू नये. दोन-तीन महिन्यांत काळसर, मोकळे खत होते. बाजारातल्या गुलाबांवर औषधाची फवारणी झालेली असते, तेव्हा हे खत भाजीला घालण्यापेक्षा फुलझाडांना घातलेले बरे. शिर्डीत पाचोळ्याची वाण नाही: उन्हाळ्याच्या तोंडाशी कडुलिंब आणि पिंपळ दोघेही पाने टाकतात.

लेंडीत फिरताना एक गोष्ट खटकते. बाग सुंदर ठेवली आहे, ती ठेवणारे कर्मचारी कष्टाळू आहेत. पण इथे येणाऱ्या कुणाच्याही हाताला माती लागत नाही. भाविक आत येतो, दिव्याला नमस्कार करतो, फोटो काढतो, जातो. ज्या गावाच्या प्रसादालयात २००९ पासून छपरावरच्या तबकड्यांनी ऊन गोळा करून वाफेवर अन्न शिजते, तिथे एवढे जमू नये असे नाही. लेंडीच्या कोपऱ्यात जाळीचे दोन-तीन कप्पे, दोरा काढायला एक ओटा, शेजारी झारी. भाविकाने आपला हार स्वतः उलगडून आत टाकायचा आणि आधीच्या महिन्यांत तयार झालेले खत मूठभर घेऊन आळ्यात घालायचे. फूल विकणाऱ्यांच्या गल्लीनेही संध्याकाळी उरलेला माल उकिरड्याऐवजी तिथेच पोचवावा. सुरुवात गुरुवारी करू नये. त्या दिवशी गर्दीत कुणाचाच हात मोकळा नसतो.