ओंजळभर पाणी, डबाभर मिरची

नावात साखर असली, तरी जव्हार तालुक्यातल्या साखरशेतच्या काय किंवा आजूबाजूच्या पाड्यांच्या काय, रोजच्या जेवणात राज्य असतं ते मिरचीचंच. नागलीची भाकर आणि तिच्यावर पाट्यावर रगडलेली चटणी! भाजी असो वा नसो, मिरची हवीच. आणि तीच मिरची ऐन उन्हाळ्यात बाजारातून विकत आणावी लागते. मग तिची दोन-चार झाडं दारातच का नकोत? डब्यात, गोणीत, फुटक्या बादलीत?

तुम्ही म्हणाल, झाडाला पाणी कुठून आणायचं? प्रश्न अगदी रास्त आहे. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. पण उताराचा, खडकाळ मुलूख. पाणी थांबतच नाही. होळी सरली की विहिरी तळाला जातात, टँकरची वाट बघणं सुरू होतं. वैतरणेच्या धरणांतलं पाणी मुंबईला जातं, तिथल्या गॅलरीतल्या कुंड्यांनाही मिळतं आणि इथली बाई मात्र डोक्यावर दोन हंडे घेऊन चढण चढते. अशा बाईला ‘बाग फुलवा’ असं सांगायला जीभ रेटत नाही. म्हणून हिशोब आधी पाण्याचा, मग मिरचीचा.

पाण्याचा हिशोब

डब्यातल्या एका वाढलेल्या झाडाला कडक उन्हाळ्यात दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागतं. म्हणजे पाच झाडांना पाच लिटर. एवढं पाणी घरातच निघतं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हात-पाय धुतलेलं. साबणाचं, खरकट्या तेलाचं किंवा मिठाचं पाणी मात्र घालू नका. पाणी सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर घालावं. दुपारी पानं मान टाकतात. ते पाहून घाबरून पाणी ओतू नका. संध्याकाळी ती पुन्हा टवटवीत झाली, तर झाड ठीक आहे. संध्याकाळीही मलूल दिसली, तरच तहान खरी. मातीत बोट दोन पेरं खुपसून बघा, ओल लागली तर त्या दिवशी पाणी नको.

आणखी एक जुनी युक्ती आहे. मोठ्या गोणीत मधोमध एक कच्चं, झिरपणारं छोटं मडकं गळ्यापर्यंत पुरायचं आणि भोवती दोन-तीन रोपं लावायची. मडक्यात पाणी भरून वर झाकण ठेवायचं. पाणी हळूहळू पाझरतं, थेट मुळांना मिळतं, उन्हात उडून जात नाही. रंग दिलेलं किंवा चकचकीत मडकं मात्र चालत नाही, ते पाझरत नाही.

डबा कसा हवा?

एका झाडाला दहा-बारा लिटरचं, हातभर खोल भांडं लागतं. त्याहून लहान असेल, तर ते दुपारपर्यंतच सुकतं. तेलाचा पत्र्याचा डबा फुकट मिळतो, पण तो उन्हात तव्यासारखा तापतो आणि मुळं भाजतात. त्याला बाहेरून चुना फासा, किंवा भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. सिमेंटची रिकामी, धुतलेली गोणी त्यापेक्षा बरी. बुडाला चार-पाच भोकं हवीतच. नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात मुळं कुजून झाड जायचं.

आत दोन भाग तांबडी माती, एक भाग नीट कुजलेलं शेणखत आणि एक भाग भाताचं तूस. चुलीतली राख मूठभर पुरे, जास्त नको. वरून भाताच्या पेंढ्याचा किंवा पाल्याचा चार बोटं जाड थर द्या. एवढ्या एका गोष्टीने पाण्याची मोठी बचत होते. ताजं शेण कधीही घालू नका, ते उष्ण पडतं.

फुलं गळतात, ती का?

उन्हाळ्यात हीच तक्रार सगळीकडे ऐकू येते, ‘झाड हिरवंगार आहे हो, पण फूल टिकत नाही!’ यात झाडाचा दोष नाही. दिवसाचं तापमान पस्तीस अंशांच्या पुढे गेलं आणि रात्रही उकाड्याची असली, की मिरचीचा पराग निकामी होतो, फूल गळून पडतं. ढोबळी मिरची तर याहूनही नाजूक. तिचा नाद थंडीपुरताच करावा. खत ओतून फुलं धरत नाहीत, उलट नुसता पाला माजतो.

त्यापेक्षा वेळ साधा. सप्टेंबरात बी टाकलं, तर ते आठ-दहा दिवसांत उगवतं. पाच-सहा आठवड्यांचं रोप ऑक्टोबरात डब्यात लावलं, की डिसेंबर ते मार्च मिरची मिळते. ज्वालासारखी बारीक, तिखट जात डब्यात चांगली चालते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण कीर्ती’ ही जातही आहे. एप्रिल-मेमध्ये झाडाला अकरानंतर सावली हवी. जुन्या सुती लुगड्याचा आडोसा पुरतो. त्या दोन महिन्यांत झाड फक्त जगवायचं. शेंडे थोडे छाटा. पहिल्या पावसाबरोबर ते पुन्हा फुटतं. मिरचीचं झाड एका वर्षात संपतं असं नाही, जपलं तर दोन-तीन वर्षंही टिकतं.

पानं आकसून वाटीसारखी झाली, की तो बोकड्या. फुलकिडे, कोळी, पांढरी माशी ही त्यामागची कारणं. निंबोळ्या कुटून पन्नास ग्रॅम भुकटी लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा आणि संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवारा. फारच आकसलेलं झाड उपटून जाळलेलं बरं, नाहीतर ते शेजारच्यांनाही बिघडवतं.

मिरची म्हणजे नुसता तिखटपणा नव्हे

आज आपल्या जेवणात एवढी मुरलेली ही मिरची मूळची अमेरिकेतली. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली. त्याआधी तिखटासाठी मिरी, पिंपळी आणि आलं होतं. हंगेरीच्या सेंट-ग्यॉर्गी या शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकात भरपूर ‘क’ जीवनसत्त्व मिळवलं ते गोड्या लाल मिरचीतूनच. १९३७ साली त्यांना नोबेल मिळालं.

हे सांगायचं कारण असं, की नागलीतलं आणि पालेभाजीतलं लोह अंगी लागायला ‘क’ जीवनसत्त्वाची मदत होते. रक्त कमी असलेल्या बाईच्या पानात ताज्या हिरव्या मिरचीची चटणी आणि वर लिंबाची फोड असेल, तर त्याचा थोडा का होईना उपयोग होतो. मात्र मिरचीने कुपोषण हटत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी सारा महाराष्ट्र हादरला होता. तिथे प्रश्न पोटभर अन्नाचा, रोजगाराचा आणि दवाखान्याचा होता. डब्यातली मिरची त्याचं उत्तर नव्हे.

अजून एक अडचण या भागाचीच. दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं वीटभट्टीवर, बांधकामावर निघून जातात. घराला कुलूप लागतं, नेमकी मिरची धरायच्या वेळी. शेतातलं झाड उचलता येत नाही, गोणीतलं येतं. गावात राहिलेल्या म्हातारीच्या ओट्यावर, जावेच्या पडवीत ते ठेवून जाता येतं. पाणी तिने घालायचं, मिरच्याही तिनेच खायच्या, आणि बी मात्र दोघींनी वाटून घ्यायचं. बियांसाठी झाडावरच पूर्ण लाल झालेल्या चार मिरच्या सावलीत वाळवा आणि राखेत घोळवून ठेवा. पुढच्या वर्षी विकतचं बी लागणार नाही.

सुरुवात एका डब्याने करा. पाच डबे एकदम मांडून मे महिन्यात पाच झाडं सुकलेली बघण्यापेक्षा, एक जगलेलं झाड केव्हाही बरं.