उंच ट्रक आणि त्याखालचा माणूस

आमच्या एका स्नेह्यांचे चिरंजीव नोकरीनिमित्त अमेरिकेंत टेक्सास राज्यांत असतात. त्यांनीं मध्यंतरीं घरीं एक छायाचित्र पाठविलें. त्यांत त्यांचा नवा पिकअप ट्रक मागील बाजूनें उचललेला असून त्याच्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. मातोश्रींना मुलाच्या स्वावलंबनाचें कौतुक वाटलें. वडिलांचें लक्ष मात्र जॅककडे गेलें. जॅकच्या डोक्यावर लाकडाचा एक ठोकळा होता, त्यावर दुसरा, आणि त्या दोहोंवर ट्रकचा मागचा सारा भार. दुसरा आधार कोठेंहि नव्हता. आम्हांस मोटारींचा नाद आहे हें ठाऊक असल्यामुळें दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते चित्र घेऊन आमच्याकडे आले.

ज्यांचीं मुलें तिकडे आहेत अशा पुष्कळ घरांत हा प्रश्न आज ना उद्यां निघावयाचा. तिकडे कारागिराची मजुरी फार. घराला जोडूनच गॅरेज. तेव्हां चाकें, ब्रेक, तेल हीं कामें लोक आपल्याच हातांनीं करतात. त्यांतच ट्रक उंच करण्याची हौस. स्प्रिंगा व त्यांचे जोडभाग बदलून सांगाडा चार-सहा इंच वर न्यावयाचा आणि खालीं मोठीं चाकें बसवावयाचीं. खडकाळ वाटांवर ह्याचा उपयोग होतो हें खरें; आमच्या स्नेह्यांच्या चिरंजिवांचा ट्रक किराणा आणण्यापलीकडे गेल्याचें ऐकिवांत नाहीं.

अडचण ह्या उंचीपासूनच सुरू होते. गाडीबरोबर मिळालेला जॅक मूळ उंचीच्या हिशेबानें केलेला असतो. बाजारांत मिळणारा तीन टनी, चाकांवर सरकणारा जॅक साधारणपणें 18 ते 20 इंचांपर्यंत चढतो. उंच केलेल्या ट्रकचा सांगाडा बहुधा त्याहूनहि वर असतो. शिवाय सांगाड्याला धरून गाडी उचलली, कीं स्प्रिंगा सैल पडून चाकें खालीं लोंबूं लागतात, आणि गाडी कित्येक इंच वर गेली तरी चाक जमीन सोडीत नाहीं. मग माणूस ठोकळे रचूं लागतो.

वस्तुतः थोडा हिशेब केला तर ठोकळ्यांची गरजच उरत नाहीं. समजा, स्प्रिंगांमुळें सांगाडा 4 इंच वर गेला आणि 31 इंची चाकांच्या जागीं 35 इंची चाकें आलीं. चाकाचा मध्य निम्म्यानें, म्हणजे 2 इंच वर जाईल. सांगाडा एकूण 6 इंच चढला, परंतु चाकांना जोडणारा आंस, ज्याला कारागीर अॅक्सल म्हणतात, तो केवळ 2 इंच. तेव्हां जॅक आंसाखालीं लावावा. तेथें स्प्रिंगा सैल पडण्याचा प्रश्न नाहीं. एक-दोन इंच उचललें कीं चाक मोकळें होतें. आंसाच्या मधल्या गोळ्याखालीं जॅक लावण्यास कांहीं कारखानदार मनाई करतात, म्हणून गाडीची पुस्तिका आधीं पाहावी. पुढच्या बाजूस बहुतेक नव्या ट्रकांना असा अखंड आंस नसतो. तेथें तर पुस्तिकेंत दाखविलेल्या जागेवांचून कोठेंहि जॅक लावूं नये.

ठोकळ्यांचा आणखी एक दोष आहे. ह्या जॅकचा बाहु वर जातांना कमानींत फिरतो. त्यामुळें जॅकला हळूहळू सरकावें लागतें. त्याचीं चाकें फरशीच्या भेगेंत किंवा खड्यांत अडकलीं, तर तो गाडीलाच बाजूस ओढतो, आणि अशा वेळीं प्रथम निसटतो तो ठोकळा.

आतां मुख्य गोष्ट. जॅक हें उचलण्याचें साधन आहे, धरून ठेवण्याचें नव्हे. त्यांतील सारा भार कोंडलेल्या तेलावर असतो. एखादें रबरी कडें झिजलें किंवा झडप किंचित् सैल झाली, कीं तेल वाट काढतें. म्हणून गाडी उचलतांच आंसाखालीं, दोन्ही बाजूंस, लोखंडी स्टँड ठेवून गाडी त्यांवर उतरवावी. स्टँड घेतांना वजनाबरोबर उंचीहि पाहावी; तीन टनी स्टँड भार पेलील, पण मोठ्या चाकांच्या गाडीला बुटका पडण्याचा संभव असतो. लिहिलेली क्षमता एकेकाची कीं जोडीची, हेंहि वाचावें. पोकळ सिमेंटच्या विटा मुळींच वापरूं नयेत. त्या पूर्वसूचना न देतां फुटतात. स्टँडहि निर्दोष असतोच असें नाहीं. 2020 सालीं अमेरिकेंत एका विक्रेत्यानें असे लाखों स्टँड परत मागविले, कारण अडकवणीचा दांत भाराखालीं सुटण्याचा धोका होता. म्हणून खालीं शिरण्यापूर्वीं गाडीला हातानें चांगला धक्का देऊन पाहावा, आणि जॅकहि आंसाला अलगद टेंकवून तसाच राहूं द्यावा.

आपल्याकडे घाटांत ट्रक थांबला, कीं क्लीनर दगड घेऊनच खालीं उडी टाकतो. गॅरेजच्या सपाट फरशीवर ह्या दगडाची आठवण कोणास होत नाहीं. हातब्रेक मागच्या चाकांवर चालतो, आणि तींच चाकें आपण हवेंत उचललेलीं असतात! गिअर ‘पार्क’मध्यें असला तरी तोहि बहुधा मागच्याच चाकांकडे जाणारा दांडा अडवितो, आणि एकच मागचें चाक उचललें, तर तें उलट फिरून जमिनीवरच्या चाकास मोकळीक देऊं शकतें. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोहों बाजूंनीं पाचरी लावाव्या. तिकडील गॅरेजची फरशी पाणी वाहून जावें म्हणून दाराकडे किंचित् उतरती असते, हें ध्यानांत ठेवावें. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे. वर उचललेल्या गाडीवर पान्याचा जोर काढूं नये.

हें सर्व स्नेह्यांनीं फोनवरून मुलास कळविलें. चिरंजिवांनीं सहा टनी स्टँडची जोडी घेतली आहे, आणि काढलेलें चाक ते सांगाड्याखालीं आडवें सरकवून ठेवतात. न जाणो, स्टँड सुटलाच तर गाडी चाकावर अडावी. हें चाक सुमारें 40 किलो भरतें. तें सरकवितांना कंबर धरली, अशी त्यांची ताजी तक्रार आहे, आणि मातोश्रींनीं इकडून तेलाची बाटली धाडली आहे.