हवेच्या दाबातील चढउतार : गणित व सावधगिरी

उत्तन, पाली व चौक येथील कोळी बांधवांची सुकी मासळी आणि भाईंदरच्या मिठागरांतील मीठ या दोहोंचा एक समान शत्रू आहे. तो म्हणजे अवकाळी पाऊस. वलांडीवर वाळत घातलेले बोंबील एका सरीने नासतात, तर मिठाच्या राशी पाहता पाहता विरघळतात. अशा पावसाची व वादळाची चाहूल देणाऱ्या खुणांपैकी हवेच्या दाबाचा उतार ही एक महत्त्वाची खूण होय. ती कशी वाचावी, हे ग्रामसेवकाने समजून घेऊन गावास समजावून द्यावे.

दाब म्हणजे काय?

आपल्या डोक्यावरील हवेच्या थराचे वजन म्हणजेच हवेचा दाब. समुद्रसपाटीवर तो सरासरीने पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका, म्हणजे सुमारे १०१३ मिलिबार असतो. पाऱ्याचा एक मिलिमीटर म्हणजे सुमारे १.३३ मिलिबार. उंचावर गेल्यास दर आठ मीटरांस दाब सुमारे एक मिलिबारने घटतो. म्हणून चोवीस मीटर उंचीच्या टेकडीवरील नोंद कुलाब्याच्या नोंदीशी ताडून पाहावयाची झाल्यास, दोन्ही नोंदी समुद्रसपाटीस आणून घ्याव्या लागतात. टेकडीवरील नोंदीत तीन मिलिबार मिळवावे.

रोजचा चढउतार

दाब दररोज दोन वेळा चढतो व दोन वेळा उतरतो. सकाळी व रात्री दहाच्या सुमारास तो अधिक, तर पहाटे व दुपारी चारच्या सुमारास कमी असतो. सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात तीनएक मिलिबारांची घट होणे हे स्वाभाविक आहे. ते वादळाचे लक्षण नव्हे. यास्तव आजच्या चारची नोंद कालच्या चारच्याच नोंदीशी ताडावी. यंत्र एकाच जागी, उन्हापासून दूर ठेवावे. हिवाळ्याची व पावसाळ्याची नोंद परस्परांशी ताडू नये, कारण पावसाळ्यात दाब मुळातच कमी असतो.

एक उदाहरण

समजा, जूनच्या आरंभी दुपारी चारची सरासरी १००४.५ मिलिबार आहे आणि आज त्याच वेळी १००१.२ आढळले. घट ३.३ मिलिबार झाली. ऋतूच्या सरासरीपेक्षा तीन मिलिबार घट झाल्यास शंका घ्यावी, पाच वा अधिक झाल्यास वादळ जवळ आहे असे समजावे, असा नाविकांचा ठोकताळा आहे. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास उत्तर गोलार्धात कमी दाबाचे क्षेत्र साधारणपणे डाव्या हातास असते.

अनुभव काय सांगतो?

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्याच्या केंद्रातील दाब सुमारे ९८४ मिलिबार होता. दाब एक मिलिबारने घटला की समुद्राची पातळी सुमारे एक सेंटिमीटरने वाढते; म्हणजे वीस मिलिबारांची घट पाणी सुमारे वीस सेंटिमीटर चढविते. वाऱ्याने लोटलेले पाणी व भरती यांची भर वेगळीच. मिठागराचा बांध किती उंच असावा, याचा विचार यावरून करावा.

एका यंत्रावरून वादळाचा मार्ग कळत नाही. तो १८७५ साली स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याच्या अनेक केंद्रांच्या नोंदींवरून ठरतो. म्हणून दाब उतरताच खात्याची सूचना पाहावी, होड्या किनाऱ्यावर ओढाव्या, मासळी आत घ्यावी व मीठ झाकावे. समुद्रात जाण्याबाबत खात्याचा इशारा हाच अखेरचा मानावा.